स्वतः बांधलेल्या गाडीचे ब्रेक आणि तपासणीआधीची तयारी

स्वतः बांधलेल्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा थोडक्यात सांगायची तर, पेडल दाबताच चारही चाके जाम झाली पाहिजेत आणि गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. ही परीक्षा सार्वजनिक रस्त्यासाठी देण्याची वेळ आपल्याकडे सहसा येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणी हवी तर नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, आणि तो खर्च एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नसतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून बनवलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, तेव्हा ती गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावरून हटवली जाईल, हेही त्यांनी सांगितले होते.

त्यामुळे छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात घरच्या बांधणीच्या गाडीची खरी तपासणी होते ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स आवारात वर्षानुवर्षे भरत आलेली बाजा एसएई इंडिया ही त्यातली सर्वांत परिचित. तिथले ब्रेकचे नियम मोजके पण कडक आहेत. ब्रेक हायड्रॉलिक हवा आणि एकाच पायपेडलवर चारही चाकांना लागायला हवा. दोन स्वतंत्र सर्किट हवीत, म्हणजे एक पाइप फुटला तरी निदान दोन चाकांना ब्रेक उरतो. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये केबल चालत नाही, ताठ दांडाच लागतो. प्लॅस्टिकच्या पाइपना मनाई आहे.

सामानाच्या बाबतीत छत्रपती संभाजीनगर नशीबवान आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, आणि दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजही इथलीच. साहजिकच कॅलिपर आणि डिस्क मोटरसायकलच्या, आणि मास्टर सिलिंडर मारुती ८०० चा दुहेरी, हा जोड जवळजवळ ठरून गेलेला आहे. तो स्वस्त आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि जोर पुरून उरतो. मारुतीच्या सिलिंडरचा व्यास साधारण १९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. पायाचा जोर ४०० न्यूटन आणि पेडलचे गुणोत्तर ५ धरले, तर पाइपमध्ये सुमारे ७० बार दाब तयार होतो. चालकासह अडीचशे किलोच्या गाडीची चाके जाम करायला एवढा दाब भरपूर आहे. कागदावर हे गणित क्वचितच चुकते. गाडी नापास होते ती कागदावर नसलेल्या गोष्टींमुळे, आणि त्यात पहिला मान हवेचा.

मोटरसायकलचा कॅलिपर एका ठरावीक बाजूने, ठरावीक कोनात बसवण्यासाठी घडवलेला असतो. त्याचे हवा काढायचे निपल त्या स्थितीत सर्वांत वर येते. तोच कॅलिपर गाडीच्या नकलवर, म्हणजे चाक धरणाऱ्या भागावर, बसवताना जागा मिळेल तसा फिरवला जातो, आणि दोन चाकांना एकाच बाजूचे कॅलिपर घेतले असतील तर एकीकडचे निपल हमखास खाली जाते. मग कितीही वेळा पेडल मारून ऑइल सोडले तरी खालून स्वच्छ ऑइल येत राहते आणि वरच्या पोकळीत हवा तशीच बसून राहते. पेडल स्पंजसारखे लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला थोडे घट्ट होते आणि मिनिटभराने पुन्हा मऊ पडते. उपाय सोपा आहे. कॅलिपर खोलून हातात घ्यावा, दोन पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घालावी, निपल आभाळाकडे करून तिथेच हवा काढावी आणि मग कॅलिपर जागेवर बसवावा. पट्टी न घालता पेडल दाबले तर पिस्टन बाहेर येतो आणि सगळे ऑइल अंगावर. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करावी आणि टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. ती रिकामी झाली की पहिल्यापासून सगळे आले.

हवा काढूनही पेडल खोल जात असेल तर ब्रेककडे नव्हे, पेडलच्या बैठकीकडे पाहावे. पाच पट झालेला जोर म्हणजे दोन हजार न्यूटन, आणि तो सगळा मास्टर सिलिंडरच्या दोन बोल्टवर येतो. पातळ पत्र्यावर वेल्ड केलेली बैठक त्या जोराने मागे झुकते. एकाने पूर्ण ताकदीने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बैठकीला बोट लावून पाहावे. हालचाल बोटाला कळत असेल तर तिथे आधाराची पट्टी हवी. कॅलिपरच्या ब्रॅकेटलाही हीच कसोटी लागू.

याच्या उलट त्रास म्हणजे ब्रेक सुटतच नाही. दांडा पिस्टनला आधीच टेकलेला असला तर टाकीकडे जाणारे बारीक भोक झाकले जाते. डिस्क तापली की ऑइल फुगते, परत जायला वाट नसते, आणि ब्रेक आपोआप लागत जातो. थंड गाडीत हा दोष दिसत नाही, दहा-पंधरा मिनिटे गाडी पळाल्यावर दिसतो. म्हणून दांडा आणि पिस्टन यांच्यात एक-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवावी, आणि पेडल मागे ओढणारी स्प्रिंग दणकट असावी.

ऑइलची बाटली सीलबंदच घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषते. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश, ओलसर झाल्यावर १४०; डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ४ घेणे केव्हाही बरे. इंजिन ऑइलचा हात रबरी सीलला लागू देऊ नये, सील फुगून निकामी होते. पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंना आणि दर वेळी नवे हवेत. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी गळती ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

नवे पॅड लगेच धरत नाहीत. गाडी कॉलेजच्या बंद मैदानात मध्यम वेगाने पळवून पुन्हा पुन्हा हळू करत न्यावी, मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. त्यानंतरच जोरात ब्रेक मारून पाहावे आणि बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण कोणते चाक फिरत राहिले हे डोळ्याला नीट कळत नाही. या गाड्यांत इंजिन मागे असल्याने उभ्या गाडीचा भार मागच्या चाकांवर जास्त असतो, पण ब्रेक लागताच तो पुढे सरकतो. पुढे ४० टक्के असलेला भार पक्क्या रस्त्यावर ६० च्या पुढे जाऊ शकतो. चारही चाकांना सारखाच ब्रेक दिला तर मागची आधी जाम होतात, गाडी शेपूट फिरवते, आणि पुढची फिरतच राहतात. पुढे मोठी डिस्क किंवा मोठ्या पिस्टनचा कॅलिपर हाच त्याचा सरळ उपाय. हे सगळे करायला वेळ लागतो, म्हणून ब्रेक रंगकामानंतर जोडायची रीत सोडून द्यावी. शिवाय ब्रेक ऑइल रंग खाते.

पीथमपूरची वाट कन्नडच्या घाटातून धुळ्याकडे जाते. टेम्पोत बांधलेली गाडी रात्रभर हादरत राहते आणि नट ढिले होतात. उतरवल्यावर प्रत्येक बँजो, कॅलिपरचे बोल्ट आणि दांड्याचा चेकनट पान्याने पुन्हा तपासावा, पेडल जोरात दाबून मिनिटभर धरावे आणि चारही चाकांपाशी कोरडा कागद फिरवून ओल लागते का पाहावे. ब्रेकलाइटही तेव्हाच लागतो का ते बघावे. परीक्षक आधी उभ्या गाडीचे पेडल दाबायला लावून गाडी ढकलून पाहतात, मग पळवून थांबवायला सांगतात. दोन्ही वेळा चालकाने दचकत नव्हे, एका दमात पूर्ण जोराने पाय द्यावा, आणि तो सराव मैदानातच झालेला असावा.