घाटातच का तापते गाडी?

प्रश्न : माझ्याकडे गोव्यात बनलेली जुनी सॅन स्टॉर्म आहे. गावात आणि साक्रीपर्यंत छान चालते. पण एप्रिल-मेमध्ये नवापूरहून येताना चरणमाळ घाट चढायला लागली, की काटा लाल पट्टीला टेकतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. आता मोठा रेडिएटर बसवा म्हणतात. बसवू का?
— एक वाचक, पिंपळनेर

उत्तर : मोठा रेडिएटर सध्या थांबवा. शेवटी तो लागेलही कदाचित, पण त्याआधी बरीच स्वस्त कामे रांगेत उभी आहेत.

सपाटीला शांत असणारी गाडी घाटातच हीट का मारते, हे आधी पाहू. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा फार तर तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्यातली बरीच सायलेन्सरमधून निघून जाते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनातले पाणी रेडिएटरपर्यंत वाहून नेते. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन जोर लावते, म्हणजे उष्णता वाढते. पण वेग पडल्यामुळे समोरून येणारी हवा नेमकी तेव्हाच कमी होते. सगळी भिस्त पंख्यावर येते.

त्यात आपला खानदेशी उन्हाळा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. पाणी 95 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असेल, तर फरक 70 अंशांचा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या डांबरालगतची हवा सहज 45 अंशांवर जाते. मग फरक उरतो 50. म्हणजे जानेवारीत जो रेडिएटर शंभर टक्के काम देत होता, तोच आता जेमतेम 70 टक्के देतो. हिवाळ्यात लपून राहिलेली बारीकसारीक दुखणी म्हणूनच मे महिन्यात घाटात उघडी पडतात.

तुमची स्टॉर्म फायबरच्या बॉडीची, दोन आसनांची. इंजिन रेनोचे, 1149 सीसीचे, साठेक हॉर्सपॉवरचे. एवढ्याशा इंजिनाला मूळ रेडिएटर धडधाकट असेल तर पुरायला हवा, असे माझे मत. प्रश्न तो धडधाकट आहे का, हा आहे. इतकी वर्षे त्यात बोअरचे पाणी पडत आले असेल, तर नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसलेलाच असणार. हा थर उष्णता अडवतो आणि वाटही अरुंद करतो.

घरी करता येईल अशी एक तपासणी सांगतो. इंजिन गरम झाल्यावर कुणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला सांगा आणि पंखा व बेल्टपासून हात लांब ठेवून खालच्या होज पाईपकडे पाहा. तो आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर पाईप मऊ पडला आहे किंवा रेडिएटर चोक झाला आहे. वॉटर पंप ओढतो आहे, पण पाणी पुढे येत नाही. दुसरी तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना करायची. झाकण उघडे ठेवून सुरू केल्याबरोबर टाकीत बुडबुडे येतच राहिले, शिवाय कुठे गळती नसताना पाणी कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर घ्या. तसे निघाले तर आधी हेड उतरवावे लागेल. रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी उपयोग नाही.

आता थर्मोस्टॅट. तो काढल्याने गाडी थंड राहते, हा समज गॅरेजागणिक ऐकू येतो. थर्मोस्टॅट साधारण 85 ते 90 अंशांच्या आसपास उघडायला लागतो. एकदा पूर्ण उघडला की घाटात त्याची अडचण जवळजवळ नसतेच. उलट अनेक इंजिनांत तोच बायपासची वाट बंद करतो. तो काढला, की काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच इंजिनात परत फिरते. पाणी भराभर वाहिल्याने त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, असेही कारण सांगितले जाते. ते मात्र चूक आहे. शिवाय हिवाळ्यात इंजिन गरम व्हायला उशीर लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट बसवाच.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असेही विचारले जाते. कूलंटमधली रसायने गंज रोखतात, ॲल्युमिनियमचे हेड सांभाळतात आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतात. पण उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणीच सरस, त्यामुळे कूलंट अर्ध्यापेक्षा जास्त घालू नका. उरलेले डिस्टिल्ड वॉटर असू द्या.

झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. ते आतला दाब धरून ठेवते, अगदी कुकरच्या शिट्टीसारखे. वातावरणाच्या वर एक बार दाब टिकला, तर साधे पाणीही 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते. रबर कडक झालेल्या झाकणातून हा दाब निसटतो आणि पाणी आधीच उकळून बाहेर येते. म्हणून होज पाईप, बेल्ट आणि वॉटर पंप पाहताना मूळ दाबाचे नवे झाकणही घ्या. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो.

एवढे झाल्यावर पंखा. त्याला रेडिएटरची पूर्ण रुंदी झाकणारे श्राउड हवे. नाहीतर पंख्यासमोरच्या गोलातूनच हवा ओढली जाते आणि बाकी जाळी तशीच तापत राहते. स्पोर्ट्स कारचे नाक बसके, हवेचे तोंड लहान. तेव्हा आत आलेली हवा रेडिएटरला वळसा घालून निसटू नये म्हणून कडेच्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवा. पंख्याला जाडी वायर, स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्या. जुन्या बारीक वायरीतून व्होल्टेज पडते आणि पंखा फिरताना दिसतो, पण जोर नसतो.

शेवटी पाणी भरताना गाडीचे नाक चढावर ठेवा, हीटर असेल तर त्याचा नॉब गरमकडे फिरवा आणि सिस्टिममध्ये अडकलेली हवा निघेपर्यंत थांबा. ‘हवा धरली’ की नवे सुटे भागही निरुपयोगी ठरतात. मग सकाळच्या गारव्यात घाट चढून पाहा, पुढच्या खेपेला दुपारी. दुपारीही काटा चढला, तर जाड कोअरचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर खुशाल घ्या. फक्त पंख्याला त्या जाड कोअरमधून हवा ओढता येईल का, हे दुकानदाराला आधी विचारा.