उशी तीच, अभ्रे चार

मुलुंड (पूर्व),
८ मे

चि. सायली हिस,


दिवाणावरच्या उशा कळकट दिसतात, गणपतीच्या आधी सहा नवी कुशनं ऑनलाइन मागवू का, असं तू विचारलं आहेस. मागवू नकोस. पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न जागेचा. बोरिवलीच्या वन बीएचकेत दिवाळी सरल्यावर ती लाल-सोनेरी कुशनं कुठे ठेवशील? पलंगाच्या पोटात आधीच बॅगा आणि रजया कोंबलेल्या आहेत. उलट सहा अभ्रे घडी करून ठेवले तर जेमतेम एका साडीची जागा घेतात. म्हणून उशा आहेत त्याच ठेव आणि ऋतूप्रमाणे अभ्रे बदल. त्यासाठी कापडही विकत आणू नकोस, ते तुझ्या आईच्या कपाटात पडून आहे.

डायनिंग टेबलावर काच आल्यापासून आपल्याकडचे टेबलक्लॉथ बाहेर निघालेच नाहीत. डिनर सेटबरोबर आलेले नॅपकिन, कुणी आहेरात दिलेले रनर, आईच्या रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल, दोसुतीवर क्रॉस स्टिचने भरलेला ट्रे-क्लॉथ, सगळं 'चांगलं आहे, राहू दे' म्हणून राहिलं. मुंबईच्या हवेत कपाटात ठेवलेलं कापड नुसतं ठेवल्याने टिकत नाही. दमटपणाने घडीवर पिवळ्या रेघा उमटतात आणि स्टार्च तसाच राहिला असेल तर कसर लागते, कारण त्या किड्याचं खाणंच ते. लुगडी फाटली की आपल्या बायका त्यांची गोधडी शिवायच्या. घरातल्या कापडाला दुसरा जन्म द्यायची आपली रीत जुनीच आहे.

कपाट उघडलंस की तीन ढीग कर. प्लास्टिकचं किंवा रेक्झिनसारखं जे असेल ते बाजूला काढ, त्यावर डोकं टेकवलं की घाम येतो. दुसरा ढीग छापील, चौकड्याच्या, गिरणीच्या सुती कापडांचा. हे बिनधास्त कापायचं. तिसरा ढीग हाताने भरलेल्या किंवा विणलेल्या कापडांचा. त्याला कात्री लावायची नाही, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

शिवण्याआधी सगळं धुऊन घे. जुनं सुती कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, पण न वापरलेलं नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवून झाल्यावर आटलं तर अभ्रा उशीवर चढत नाही. गडद रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून बघ. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नकोस, तो हळदीचा गुणच आहे. स्वच्छ पाण्याने साबण काढ आणि कापड कडक उन्हात टाक, हळदीचा रंग उन्हात उडतो. जुनाट चहाचा डाग मात्र सहसा हटत नाही, तो पाठीच्या बाजूला जाईल अशा बेताने काप.

आता माप. तुझ्या उशा १६ इंची आहेत, तर तयार अभ्रा १५ इंचांचा ठेव म्हणजे गच्च बसेल. पुढचा तुकडा १६ बाय १६ कापायचा आणि पाठीला १६ बाय ११ चे दोन तुकडे. चारही बाजूंनी अर्धा इंच शिलाईत जातो. ६० बाय ९० इंचांच्या, म्हणजे सहाजणांच्या टेबलक्लॉथमधून असे सहा अभ्रे निघतात आणि वर पट्ट्या उरतात त्या वेगळ्याच. कापायच्या आधी खडूने आखून घे.

यातली खरी मेख कापडाच्या तयार कडेत आहे. टेबलक्लॉथची किंवा नॅपकिनची कड आधीच दुमडून शिवलेली असते. पाठीचे दोन्ही तुकडे असे काप की ती कड अभ्र्याच्या तोंडाशी येईल. मग चेन लावायला नको, काजं-बटणं नकोत आणि हेमही घालायला नको. जिथे कड मिळणार नाही तिथे एक इंच दुमडून शीव. पुढचा तुकडा सुलट ठेवायचा, त्यावर पाठीचे दोन तुकडे उलटे, कडा मध्याकडे आणि एकमेकींवर चढलेल्या. टाचण्या लावून चहूबाजूंनी शिलाई मार. कडा जिथे एकमेकींवर येतात तिथे दुहेरी शिलाई घाल, कारण उशी भरताना ओढ तिथेच बसते. कोपऱ्यांचं जादा कापड तिरकं छाट, मगच उलटव. दोसुतीसारख्या सैल विणीची सुतं सुटतात, त्यांच्या कडा पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून आण. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाल, धावदोऱ्यावर भागवू नकोस.

रनर असेल तर काम आणखी सोपं. १४ इंच रुंद आणि ७२ इंच लांब रनर मधोमध कापला की दोन अभ्रे होतात. कापलेली बाजू दुमडून शीव, दोन्ही टोकं पाठीवर एकमेकांवर येतील अशी घडी घाल आणि दोन बाजू शिवून टाक. छोट्या उशीचा १३ इंची अभ्रा तयार.

आता तिसरा ढीग. साध्या रंगाच्या अभ्र्याचा पुढचा तुकडा शिवण्याआधी सपाट पसर. त्यावर क्रोशाचा रुमाल मधोमध ठेवून कडेच्या एकेका कंगोऱ्याला हाताने बारीक टाका घाल. टाके असे हवेत की उद्या कुणाला तो रुमाल परत हवा असेल तर न फाटता उसवता येईल. विणलेल्या रुमालाखाली गडद निळा किंवा मेंदी रंग घे, पांढऱ्यावर पांढरी वीण हरवते. असं साधं कापड घरात नसेल तर आणि तरच विकत घे. तुझ्याजवळचं कोरा केंद्र लोक आता गरब्यासाठी ओळखतात, पण ती जागा खादी-ग्रामोद्योगाची आहे, तिथे चौकशी कर.  अशा कामाला खादीचा एखादा मीटर पुरतो.

ऋतूंचं म्हणशील तर पंचांगात सहा असले तरी तुला चार जोड पुरेत. उन्हाळ्याला पांढरे-फिके. पावसाळ्याला गडद चौकड्याचे पातळ नॅपकिन: चिखलाचा हात दिसत नाही आणि पंख्याखालीही वाळतात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पिवळे, केशरी, जरीच्या काठाचे. जर गालाला टोचते, म्हणून काठ कडेला घे आणि ते अभ्रे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नकोस. डिसेंबरात तुमच्या शेजारच्या आय. सी. कॉलनीत नाताळच्या चांदण्या लागल्या आणि नॅशनल पार्काकडून सकाळचा गारवा यायला लागला की जाड विणीचे लाल-हिरवे.

भरणाबद्दल एकच सांगते. उशा कापसाच्या असतील तर आत्ताच दोन दिवस गच्चीत उन्हात टाक. सांताक्रूझला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या हवेत कापूस ओल धरतो, त्याचे गोळे होतात आणि कुबट वास येतो. गोळे झालेच असतील तर गादीवाल्याकडून पिंजून घे. नवं भरण घालायची वेळ आली तर रेक्रॉन घाल, ते धुता येतं.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस ११ जूनला येतो. धुणं, वाळवणं, डाग काढणं ही सगळी उन्हाची कामं, म्हणजे हातात महिनाभर आहे. या रविवारी आईकडे जा आणि तिच्यासमोर कपाट उघड. पहिला अभ्रा चौकड्याच्या नॅपकिनचा शीव, हात बसू दे. आणि रुखवतातल्या कापडाला सुई लावण्याआधी आईला विचार. ती नाही म्हणाली तर ते तसंच ठेव, पण धुऊन, स्टार्च काढून आणि घडी बदलून.

तुझी,
आत्या