नौदलात दाखल होणारे पाल्य आणि पाठीशी उभे राहणारे घर

सैन्यात मुले पाठविण्याची परंपरा महाराष्ट्रातील अनेक गावांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ या नावानेच ओळखले जाते. अशा गावांत भूदलातील शिस्त कशी असते, हे सांगणारा एखादा निवृत्त सैनिक पारावर सहज भेटतो. नौदलाची गोष्ट निराळी आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या घरातील मुलगा किंवा मुलगी नौदलात निवडली जाते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना आनंद होतो. परंतु पुढे काय घडणार आहे याची कल्पना नसते. या अज्ञानातून काळजी उत्पन्न होते आणि ती काळजी दूरध्वनीवरून पाल्यापर्यंत पोहोचते. प्रशिक्षणाच्या काळात पाल्याला खरा आधार द्यावयाचा असेल, तर घराने प्रथम ते प्रशिक्षण समजून घेतले पाहिजे.

चिल्का येथील प्रशिक्षण

नौसैनिकांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील चिल्का सरोवराच्या परिसरात, आय.एन.एस. चिल्का या केंद्रात होते. हे केंद्र १९८० साली कार्यान्वित झाले. ‘आय.एन.एस.’ ही अक्षरे पाहून आपले मूल पहिल्याच दिवशी जहाजावर चढले, असा पालकांचा समज होतो. वस्तुतः किनाऱ्यावरील केंद्रांनाही जहाजाप्रमाणे नाव देण्याची नौदलाची प्रथा आहे. चिल्का हे जमिनीवरील केंद्र आहे.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्या पहिल्या तुकडीचे दीक्षांत संचलन २८ मार्च २०२३ रोजी सूर्यास्तानंतर झाले. त्या तुकडीत २,५०० हून अधिक अग्निवीर होते व त्यांत २७० हून अधिक मुली होत्या. सुमारे चार महिन्यांच्या या प्रशिक्षणात कवायत, शारीरिक शिक्षण, पोहणे, शस्त्रांची हाताळणी, नौकानयनाची मूलतत्त्वे आणि नौदलाचे आचारनियम यांचा समावेश असतो. दिवसाचा प्रत्येक तास आखलेला असतो. भ्रमणध्वनीच्या वापरावर निर्बंध असतात. त्यामुळे आठ-दहा दिवस खुशाली कळली नाही, तर अनिष्ट शंका मनात आणण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

आधाराचा आरंभ रेल्वे स्थानकावरील निरोपाच्या कितीतरी आधी होतो. शाळेच्या दाखल्यावरील, गुणपत्रिकेवरील व आधारपत्रावरील नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे काय, हे मुख्याध्यापकांनी व ग्रामसेवकांनी वेळीच पाहिल्यास ऐनवेळी होणारी धावपळ टळते. पैसे घेऊन भरती करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांपासून कुटुंबाला सावध करणे, हेही पंचायत सदस्यांचे कर्तव्य होय.

शरीराची तयारी सर्वजण करतात. सवयींची तयारी मात्र राहून जाते. स्वतःचे कपडे धुणे, अंथरूण नीट घडी करून ठेवणे, पहाटे न हाक मारता उठणे, ताटात येईल ते खाणे आणि कोणी आवाज चढविला तरी शांत राहणे, या गोष्टी घरीच अंगवळणी पडल्या, तर केंद्रातील पहिले दिवस सुसह्य होतात. अवर्षणप्रवण भागातील अनेक मुलांना पोहता येत नाही. ते तेथे शिकविले जाते. तथापि पाण्याची भीती आधीच मोडलेली असणे हिताचे ठरते. हिंदीतून बोलण्याचा सराव करून घेणे शिक्षकांच्या हाती आहे.

पहिले आठवडे

पहिल्या काही आठवड्यांत केव्हातरी दूरध्वनी येतो आणि पलीकडून रडवेला स्वर ऐकू येतो : “आई, मला इथे राहवत नाही.” या क्षणी घर काय उत्तर देते, याला फार महत्त्व आहे. माऊली कळवळून म्हणते, “बाळा, ये परत.” वडील रागावून म्हणतात, “गाव काय म्हणेल?” दोन्ही उत्तरे प्रेमापोटीच येतात आणि दोन्ही मुलाला एकटे पाडतात. परत येणे वाटते तितके सोपे नसते. अग्निवीराला मुदतीपूर्वी स्वेच्छेने सेवा सोडण्याची मुभा सामान्यतः नाही. अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच ते शक्य होते. उलटपक्षी, गावाच्या अब्रूचे ओझे अंगावर पडलेले मूल पुढच्या वेळी मनातले बोलतच नाही.

अशा वेळी आधी सारे ऐकून घ्यावे. मग आज काय शिकलास, शेजारच्या खाटेवरचा मुलगा कोणत्या राज्यातला, जेवण काय होते, असे साधे प्रश्न विचारावेत. चार महिन्यांचा हिशेब न मांडता उद्याच्या दिवसापुरते बोलावे. घरातील आजारपण, शेतीचे नुकसान किंवा भावकीतील तंटा यांची सविस्तर कहाणी त्या दोन मिनिटांत सांगू नये. मात्र खरोखरच गंभीर घटना घडली, तर ती लपवूही नये. पत्राचा उपयोग येथे मोठा आहे. बैलाला झालेली जखम बरी झाली, धाकटीला गणितात चांगले गुण मिळाले, अशा चार ओळींचे पत्र पुन्हा पुन्हा वाचता येते.

कष्ट आणि इजा यांतील भेद

थकवा, घरची आठवण, पायाला आलेले फोड ही प्रशिक्षणाची स्वाभाविक अंगे आहेत. परंतु हाडाचे सतत दुखणे, ताप, झोप पूर्णपणे उडणे, जगण्याविषयी निराशेचे बोलणे किंवा कोणाकडून होणारा छळ यांना ‘सहन कर’ हे उत्तर नव्हे. मागे पडण्याच्या भीतीने अनेक मुले दुखणे लपवितात व किरकोळ दुखापत गंभीर होते. केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास व आपल्या तुकडीच्या अधिकाऱ्यास ताबडतोब सांगावे, असे घरानेच निःसंदिग्धपणे बजावले पाहिजे. मदत मागणे हा भित्रेपणा नव्हे, हे वाक्य वडिलांच्या तोंडून आले तर मुलाला धीर येतो.

चार वर्षांचा विचार

अठरा वर्षांखालील उमेदवाराच्या नोंदणीपत्रावर पालकांची सही लागते. ती करण्यापूर्वी अटी वाचणे, न समजल्यास शिक्षकांकडून वाचून घेणे अगत्याचे आहे. योजना जाहीर झाली तेव्हाच्या तरतुदींनुसार सेवा चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात. पहिल्या वर्षी मासिक ३०,००० रुपयांपैकी ९,००० रुपये निधीत जमा होऊन २१,००० रुपये हाती येतात. मुदतीअखेर मिळणारा सेवानिधी व्याज वगळता सुमारे १० लाख ४ हजार रुपयांचा होतो, निवृत्तिवेतन नाही. या रकमेच्या भरवशावर आजच कर्ज काढून घर बांधणे किंवा लग्न ठरविणे म्हणजे मुलाच्या खांद्यावर दुसरे ओझे ठेवणे होय. त्याचे पुढील शिक्षण चालू राहील, अशी व्यवस्था करणे अधिक शहाणपणाचे आहे.

प्रशिक्षण संपते त्या दिवशी संचलन पाहण्यास अनेक कुटुंबे दूरवरून येतात. पुढे कोणी जहाजावर जातो, तर यंत्रशाखेतील कोणी लोणावळ्याच्या आय.एन.एस. शिवाजी येथे, म्हणजे पुन्हा महाराष्ट्रातच येतो. संचलनात पाऊल मिळवून चालणारे आपले मूल ओळखण्यास आईला क्षणभर वेळ लागतो. चार महिन्यांत ते बदललेले असते. त्या काळात घरानेही धीर धरण्याचे, ऐकून घेण्याचे आणि खरे बोलण्याचे शिक्षण घेतलेले असेल, तर पुढील चार वर्षांची वाट दोघांनाही सुकर होईल.