नर्मदाकाठची मुले

सातपुड्याच्या उत्तर उतारावर नर्मदा सुमारे ५४ किलोमीटरपर्यंत महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. तेथे अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांत भिल्ल व पावरा लोकांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या वसलेले होते. येथले गाव म्हणजे दाटीने बांधलेली घरे नव्हेत. एक घर या टेकडीवर, तर दुसरे पलीकडच्या टेकडीवर. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती आणि घराभोवती घरचे शेत. मारलेली हाक ऐकू जावी, एवढी जवळीक शेजाऱ्यास पुरेशी वाटे.

या मुलखात मूल मोठे कसे होत असे? वर्षे मोजून तर नव्हेच. जन्माची तारीख कोणी लिहून ठेवीत नसे. मोठा पूर आला त्या साली, किंवा मोह फुलला नाही त्या साली जन्मलेला, एवढी आठवण पुरे होई. जरा कळू लागले, की मुलगा शेळ्या घेऊन डोंगरात जाई. कोणता पाला जनावरास चालतो, कोणते कंद उकडून खावयाचे आणि कोणते शिवावयाचेही नाहीत, हे तो थोरल्या मुलांच्या मागे फिरता फिरता शिके. फाल्गुन-चैत्रात मुली आईबरोबर पहाटेच मोहाची फुले वेचावयास निघत. सर्वांत कठीण धडा मात्र नदीचा. पावसाळा ओसरला, की काठावर गाळाची सुपीक पट्टी उघडी पडे. तिच्यात गाळपेर करावयाची. पाणी गढूळ होऊन चढू लागले, तर आपल्याकडे ऊन असले तरी वर कोठे तरी पाऊस झाला आहे, हे ओळखावयाचे.

कोणाच्या शेतात मोठे काम निघाले, म्हणजे पाड्यात ‘लाहा’ची हाक जाई. घरोघरची माणसे येत. मजुरी कोणी घेत नसे. घरधन्याने जेवण द्यावे आणि पुढे त्यांच्या हाकेला आपण धावावे, ही रीत. बापाच्या ऐवजी मुलगा अशा कामावर गेला आणि कोणी बापाची चौकशी केली नाही, म्हणजे पोरगा आता मोठा झाला, असे खुशाल समजावे!

गुजरातेत नवागामजवळ नर्मदेवर मोठे धरण बांधावयाचे ठरले. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. हेच पुढे सरदार सरोवर झाले. गुजरात व राजस्थान येथील कोरड्या भागांस पाणी मिळावे आणि वीज निर्माण व्हावी, हा त्यामागील हेतू. विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. हेतू मोठा होता, यात शंका नाही. परंतु सरोवराच्या पाण्यात तीन राज्यांतील २४५ गावे सापडत होती, आणि त्यांपैकी ३३ महाराष्ट्रातील होती.

नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. ज्याची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल, त्या कुटुंबास निदान दोन हेक्टर जमीन द्यावी, आणि घरातील प्रत्येक सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब मानावे, असे त्यात म्हटले होते. नियम वाचावयास सोपा आहे. पण सज्ञान म्हणजे ठरलेल्या तारखेस वयाची अठरा वर्षे पुरी झालेला. ज्या मुलखात जन्माची नोंदच नाही, तेथे ही वर्षे मोजावयाची कशी? अंदाजाने लिहिलेल्या एका आकड्यावर कोणी जमिनीचा धनी ठरे, तर कोणी पोरवयाचा. लाहाला पुरे काम करणारा तरुण कागदावर अजाण राही. मोहाची फुले वेचून घर चालविणाऱ्या मुलीचा तर त्या वाक्यात उल्लेखही नव्हता. अशा प्रत्येक सज्ञान मुलासही दोन हेक्टर जमीन मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. निवाड्याच्या वर्षी जन्मलेला मुलगा तोवर सव्वीस वर्षांचा झालेला होता.

पाणी मात्र थांबले नाही. १९९३ च्या पावसाळ्यात ते मणिबेली गावात शिरले. महाराष्ट्रातील बुडिताची सुरुवात तेथून झाली. कित्येक कुटुंबे तळोद्याच्या सपाटीवर, तर काही गुजरातेत जाऊन राहिली. तेथे सडक जवळ आली, दवाखाना जवळ आला, हे खरेच. परंतु सपाटीवर ना कंद, ना मोह, ना नदी. बारा वर्षांच्या मुलाने डोंगरात जे जे मिळविले होते, त्याचा तेथे कोणास काही उपयोग नव्हता. जळणाच्या काटक्या कोठे वेचाव्यात, एवढेही त्याला नव्याने विचारावे लागे. आणि विचारावयाचे ते परक्या बोलीत.

जे डोंगरात राहिले, त्यांच्या मुलांसाठी १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी व निमगव्हाण येथे ‘जीवनशाळा’ निघाल्या. नर्मदा बचाव आंदोलनाने त्या सुरू केल्या. मुलांस आधी त्यांच्याच बोलीतून शिकवावयाचे आणि मग मराठीकडे न्यावयाचे, अशी तेथील पद्धत. पाणी चढून एखाद्या शाळेची जागा बुडे. मग डोंगरावर आणखी उंच जागा पाहून ती पुन्हा उभी करीत.

या शाळांत शिकलेली पुष्कळ मुले आपल्या घरात अक्षर ओळखणारी पहिलीच होती. पाड्यावर सरकारी नोटीस आली, की म्हातारी माणसे ती अशा मुलाच्या हाती देत आणि भोवती बसत. मुलगा बोट ठेवून सावकाश वाची. कोणाचे नाव यादीत आहे, कोणाचे नाही, आणि नावापुढे वय काय लिहिले आहे.