डीप ब्रेन स्टिम्युलेशन शस्त्रक्रियेनंतर कंपवाताच्या रुग्णाचे शारीरिक पुनर्वसन

कंपवाताच्या रुग्णावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे वैद्याचे काम संपले, असा समज आपल्या व्यवसायबंधूंत रूढ होत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यास होते. यंत्राच्या जुळणीसाठी रुग्ण काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तेथे जातो. उरलेले सर्व दिवस मात्र तो गोरेगावसारख्या गावी, उंबरठ्यांच्या घरात, बाजेवर झोपून आणि धुऱ्यावरून चालून काढतो. त्या दिवसांत त्याची गाठ पडते ती गावातील वैद्याशी आणि औषधी दुकानदाराशी. या दोघांनी काय करावे आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शस्त्रक्रियेने काय साधते?

चरकाचार्यांनी वाताच्या ८० नानात्मज विकारांत वेपथूची गणना केली आहे. माधवनिदानात सर्वांगकंप व शिरःकंप यांचा निर्देश आहे. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या व्याधीत मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा क्रमाक्रमाने क्षय होतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्रा. बेनाबीद यांनी १९८७ साली मेंदूच्या खोल भागात सतत विद्युत्-स्पंदने देऊन कंप थांबविण्याची पद्धती सुरू केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पार्किन्सनसाठी तिला २००२ मध्ये मान्यता दिली. आपल्या राज्यात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही शस्त्रक्रिया रुजविली.

कवटीला लहान छिद्रे पाडून दोन बारीक इलेक्ट्रोड बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस या वाटाण्याहूनही लहान केंद्रात बसवितात. तेथून वायर टाळूखालून, कानामागून व मानेतून त्वचेखालीच उतरते आणि गळपट्टीच्या हाडाखाली ठेवलेल्या स्पंदनयंत्रास जोडली जाते. साधारणतः सेकंदाला १३० स्पंदने दिली जातात. ही सर्व रचना वैद्याच्या डोळ्यांसमोर असावी, कारण पुढील पथ्यापथ्य तिच्यावरच आधारलेले आहे.

लिव्होडोपाच्या मात्रेने जे लक्षण सुधारते, तेच यंत्राने सुधारते. कंप हा याला अपवाद असून औषधाला न जुमानणारा कंपही पुष्कळदा आटोक्यात येतो. स्तंभ व हालचालींचे मांद्य कमी होते. परंतु औषधाचा पूर्ण अंमल असतानाही ज्याचा तोल जातो, ज्याचे पाय जमिनीला खिळतात, ज्याला गिळताना ठसका लागतो, त्याच्या या तक्रारी यंत्राने जात नाहीत. वाणी तर काहींची अधिकच अस्पष्ट होते. हे नातेवाइकांना आधी कोणी सांगितलेले असो वा नसो, आपण पुन्हा सांगावे. एका शेतकरी रुग्णाचा कंप शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ नाहीसा झाला. हातातला चहा सांडेनासा झाला, तसा तो तिसऱ्या महिन्यात एकटाच शेतात गेला आणि धुरा ओलांडताना उताणा पडला. पूर्वी तो पडत नव्हता, कारण पूर्वी तो चालतच नव्हता. पुनर्वसनाची खरी गरज येथे सुरू होते.

पहिले सहा आठवडे

शस्त्रक्रियेनंतर लगेच, यंत्र चालू करण्यापूर्वीच, अनेकांना बरे वाटू लागते. इलेक्ट्रोड शिरताना त्या केंद्राला जो सूक्ष्म आघात होतो त्याचा हा परिणाम असून काही दिवसांत वा आठवड्यांत तो ओसरतो. कंप परत येतो आणि घरची मंडळी शस्त्रक्रिया फसली असे समजून हवालदिल होतात. याच काळात कोणी तरी त्यांना चमत्कारी औषधाचा पत्ता देतो. यंत्राची जुळणी नंतर टप्प्याटप्प्याने होते आणि योग्य मात्रा सापडण्यास तीन ते सहा महिने लागू शकतात, एवढे स्पष्टीकरण या वेळी उपयोगी पडते.

जखमा भरेपर्यंत यंत्राच्या बाजूचा हात खांद्यावर नेऊन ओझे उचलणे, मानेला झटका देणे, डोक्यावर भारा घेणे वर्ज्य आहे. घरातल्या घरात चालणे, घोट्यांची हालचाल, दीर्घ श्वसन एवढे पुरे. टाळूवर, कानामागे किंवा गळपट्टीखाली सूज, लाली, स्राव दिसल्यास लेप लावू नये, जात्यादि तेलही नको. रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यकांशी बोलावयास लावावे. आत परकी वस्तू आहे. तेथील जंतुसंसर्ग बाहेरून बरा होत नाही. ज्वर, संभ्रम, झटके, वाढती डोकेदुखी यांचेही तसेच. मनाची उदासी आवर्जून विचारावी, कारण या काळात ती काहींना घेरते आणि रुग्ण आपण होऊन सांगत नाही.

चालणे पुन्हा शिकविणे

व्यायामासाठी यंत्राची जुळणी व औषधाचा अंमल दोन्ही अनुकूल असलेली वेळ निवडावी. आरंभी व नंतर दरमहा एक साधी चाचणी करावी. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळून परत येणे व बसणे यांस लागलेले सेकंद घड्याळावर मोजून लिहावेत. दुसरी चाचणी तोलाची. रुग्णास पूर्वसूचना देऊन, त्याच्या मागे उभे राहून खांदे आपल्याकडे झटकन ओढावेत. एक-दोन पावलांत तो सावरला तर ठीक, अन्यथा त्यास एकट्याने बाहेर सोडू नये. ही चाचणी करताना रुग्णाला झेलण्याची तयारी हवी व मागे भिंत असावी.

वाग्भटांनी व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगितले आहे. कंपवातात हा दंडक चुकीच्या ठिकाणी लावला जातो, असे माझे मत आहे. अर्धशक्ती ही दिवसाचा व्यायाम कोठे थांबवावा याची मर्यादा आहे, हालचाल लहान ठेवण्याची आज्ञा नव्हे. या रुग्णाच्या मेंदूला लहान हालचालच पुरेशी वाटते. त्याचे अक्षर बारीक होते, पाऊल आखूड होते, आवाज दबतो. म्हणून प्रत्येक हालचाल त्याला अतिशयोक्त वाटेल इतकी मोठी करून घ्यावी. पाऊल लांब, टाच आधी टेकणारी, हातांचा झोका मोठा. कपाळावर, काखेत घाम आला व श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे.

पाय खिळणे बहुधा उंबरठ्यावर, अरुंद दारात व वळताना होते. मेंदूची आतून चाल देण्याची यंत्रणा मंदावलेली असते. तिला बाहेरून खूण मिळाली की पाऊल सुटते. उंबरठ्याच्या अलीकडे व पलीकडे पावलाच्या अंतरावर चुन्याच्या आडव्या रेघा ओढाव्यात आणि रुग्णाने रेघ ओलांडण्यावर लक्ष द्यावे. रेघ नसेल तेथे ताल चालतो. आपल्याकडील ज्या माणसाने आयुष्यभर भजनात टाळ धरला आहे, त्याला वेगळे उपकरण कशाला हवे? मनात ठेका धरून किंवा मोठ्याने आकडे मोजून चालावयास शिकवावे. वळताना एका जागी गिरकी घेऊ नये. धुऱ्याशी औत जसे मोठा फेर घेऊन वळवितात तसे वळावे. ही उपमा दिली की शेतकऱ्याला दुसरे काही समजावून सांगावे लागत नाही. चालताना बोलणे, हातात तांब्या नेणे, खिशात काही शोधणे या गोष्टी टाळाव्यात, कारण लक्ष विभागले की पाय अडतात.

पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना नृत्य शिकविण्यास आरंभ केला. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ साली स्थापिलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे सामूहिक व्यायाम घेते. हे प्रयोग केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी नाहीत. मात्र ताल आणि सोबत यांचा जो लाभ तेथे मिळतो, तो गावच्या भजनी मंडळात मिळण्यास अडचण नसावी.

घरातील व्यवस्था पाहावी. सैल, बुटक्या बाजेवरून उठणे सर्वांत कठीण असते. खुरांखाली विटा देऊन ती उंच करावी व नवार ताणावी. शौचासाठी उंच बैठक हवी. उठताना आधी पावले मागे घेणे, मग छाती गुडघ्यांच्या पुढे झुकविणे आणि मगच उठणे, हा क्रम दिवसातून दहा वेळा करून घ्यावा. मोठ्याने ‘आ’कार लावणे, ॐकार व मोठ्याने वाचन हे उदान वायूचे कर्म सुधारण्यास उपयुक्त आहे. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ सावकाश, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन द्यावेत.

आपले उपक्रम

जखमा पूर्ण भरल्यानंतर अभ्यंग अवश्य करावा. स्तंभ व खांद्याचा जखडलेपणा यांत त्याचा लाभ होतो. परंतु यंत्राचा कप्पा, मानेची ती बाजू व टाळूवरील व्रण सोडून द्यावेत. मर्दन नको, हात हलका हवा. पोटली स्वेद हातापायांपुरता करावा. बाष्पपेटीत रुग्णास बसविण्याचे मी टाळतो, कारण या व्याधीत उभे राहताच रक्तदाब घसरण्याची प्रवृत्ती असते. शिरोबस्ती करू नये. चर्मपट्टा नेमका वायर व छिद्रांच्या झाकणांवर आवळला जातो. मलावष्टंभ मात्र तत्परतेने दूर करावा. कोष्ठ बद्ध असेल तर लिव्होडोपा जठरातून वेळेवर पुढे सरकत नाही आणि यंत्राला उगाच दोष दिला जातो. येथे एरंडस्नेह व मात्राबस्ती यांचे स्थान मोठे आहे.

ज्यांच्या दवाखान्यात शेकण्याची विद्युत्-यंत्रे आहेत त्यांनी पुढील वाक्य भिंतीवर लावावे. शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह व अल्ट्रासाउंड डायथर्मी या रुग्णास शरीराच्या कोणत्याही भागावर, स्पंदनयंत्र बंद करूनही, देऊ नये. ऊर्जा वायरमार्गे इलेक्ट्रोडच्या टोकापर्यंत जाते व मेंदूचा तो भाग भाजतो. दात काढल्यानंतर जबड्यावर दिलेल्या डायथर्मीने एक रुग्ण कायमचा बेशुद्धावस्थेत गेल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यासंबंधी इशारा दिला. गुडघा दुखतो म्हणून शेक मागणारा हाच रुग्ण असू शकतो. शर्टाखालचा फुगवटा पाहिल्याशिवाय यंत्र लावू नये.

औषधी दुकानदारांसाठी

कवचबीज चूर्णास ‘साधे आयुर्वेदिक’ समजून देणे धोक्याचे आहे. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी यांनी कपिकच्छूच्या बियांतून लिव्होडोपा वेगळे केले. २००४ मध्ये लंडन येथे आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम कपिकच्छू-कल्पाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला व अधिक काळ टिकला. आपल्या द्रव्याचा हा गौरव आहे, आणि म्हणूनच ते मात्रेत मोजले पाहिजे. सबथॅलॅमिक शस्त्रक्रियेनंतर लिव्होडोपाची मात्रा पुष्कळदा तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने उतरविली जाते. त्यात रुग्णाने स्वतःहून दोन चमचे कवचबीज सुरू केले की अंगाला अनावर वेडेवाकडे हेलकावे येतात, आणि मुंबईला गेल्यावर यंत्राची जुळणी चुकीच्या गृहीतावर होते. कपिकच्छू द्यावयाचे असेल तर जुळणी करणाऱ्या वैद्यकांना कळवूनच द्यावे.

सर्पगंधा या रुग्णास निषिद्ध समजावी. तिच्यातील रिसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते. कार्लसन यांनी १९५७ साली याच द्रव्याने ससे निश्चल करून दाखविले व लिव्होडोपाने पुन्हा हालते केले. झोपेसाठी वा रक्तदाबासाठी दिलेल्या वटीत ती आहे काय, हे लेबलवर पाहावे. चक्कर व उलटीसाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या स्टेमेटिल, स्टुजेरॉन, पेरिनॉर्म या गोळ्याही कंपवात वाढवितात. लोहाचे क्षार लिव्होडोपाचे शोषण घटवितात, तेव्हा लोहकल्प व सिंडोपा यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. चुंबकीय पट्टे व गाद्या विकूच नयेत. जुन्या बनावटीचे स्पंदनयंत्र चुंबकाने बंद पडू शकते.

बृंहणाविषयीही विचार हवा. कंपवाती कृश असतो म्हणून दूध, तूप, अश्वगंधा देण्याची आपली सवय आहे. या शस्त्रक्रियेनंतर मात्र कंप व स्तंभ थांबल्याने वजन वाढण्याकडे कल असतो. दरमहा वजन पाहूनच स्नेह ठरवावा.

शेवटी बॅटरीविषयी. पुन्हा चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. चार्ज होणारी अधिक वर्षे चालते, पण ती नियमाने चार्ज करावी लागते. आपल्या भागातील भारनियमन पाहता रात्रीवर विसंबू नये, वीज असेल तेव्हाच ते काम उरकावे. काही दिवसांत वा तासांत रुग्ण एकाएकी लाकडासारखा ताठरला तर वातप्रकोपाची चिकित्सा आरंभण्यापूर्वी यंत्र चालू आहे काय, हे रुग्णाजवळील रिमोटवर पाहावे. बसविल्याची तारीख, यंत्राचे नाव व रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक केसपेपरच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहून ठेवावा.