रात्रीचा डबा बंद करू नकोस

चि. बाळ,


वहिनीशी फोनवर बोलले. रात्रीचा मेसचा डबा बंद करून तू नुसतं अर्धं कलिंगड खातेस आणि यंदा आंब्याला हातही लावायचा नाही असं ठरवलंयस, हे ऐकून मला चैन पडेना. वजन उतरवायचं मनावर घेतलंस, त्याला माझी ना नाही. पण ही रीत बरी नव्हे.

कलिंगड हलकं, हे खरं. शंभर ग्रॅमला 30 कॅलरी, कारण नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. म्हणूनच ते लवकर जिरतं आणि अकरा वाजता बिस्किटांचा पुडा उघडतो. कलिंगडात प्रथिनंही नावालाच. तुझ्या वयात डाळ, उसळ, दही सोडून कसं चालेल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या आहारसूचनांत दिवसाच्या 2000 कॅलरींच्या आहारात भाज्या 400 ग्रॅम आहेत आणि फळं 100 ग्रॅम. पोट भरायचं ते भाजी-कोशिंबिरीने, फळ जोडीला.

फळांत मला विचारशील तर पेरू. कॅलरी कलिंगडाच्या दुपटीहून जास्त, शंभर ग्रॅमला 68, तरीही पेरूच सांगेन. त्यात पाचेक ग्रॅम चोथा असतो, तो चावून खावा लागतो आणि बराच वेळ भूक आठवत नाही. पपई, संत्रं, स्ट्रॉबेरी हलकीच. केळं, चिकू, सीताफळ 80 ते 100च्या घरातली. एक खावं आणि थांबावं. संत्र्याचा रस मात्र नको. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकून दिला जातो. बेदाणेही जपून, शंभर ग्रॅम द्राक्षांत 70 कॅलरी, तेवढ्याच बेदाण्यांत 300.

आणि आंब्याशी वैर कशाला? शंभर ग्रॅम गराला 60 कॅलरी. मध्यम हापूस साधारण एका पोळीएवढा. जड होतो तो आमरस. वाटीत दोन आंबे, वर साखर, तूप, आणि सोबतच्या पुऱ्यांचा हिशेब राहत नाही. तू फोडी करून खा, त्या जेवणात एक पोळी कमी घे.

डबा उद्यापासून सुरू कर. भात निम्मा, आमटी-भाजी पुरी. पेटी आली की डझनभर आंबे पाठवते. मैत्रिणींना वाट, तू रोज एक खा.

तुझी,
आत्या