जे लिहिलेलं नाही, ते आधी विचार
परभणीत गेमिंग कॉम्प्युटर घेणाऱ्या भाच्याला मामाचे कानमंत्र

बाळा, गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा आणि तोही दुकानातून जोडून तयार मिळणारा, हे तू ठरवलंयस. निर्णय चांगला आहे. बिघाड झाला तर सहा कंपन्यांकडं धावायचं नाही, एकाच दारात जायचं. फक्त एक गोष्ट ध्यानात घे. जाहिरातीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम ही तीन नावं मोठ्या अक्षरांत असतात. पॉवर सप्लाय, मदरबोर्ड आणि कॅबिनेट कोणत्या कंपनीचं, ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. विकणारा पैसे वाचवतो ते ह्याच भागांत. आपल्याकडचं ऊन, धूळ आणि कमी-जास्त होणारी लाईट ह्यांचा मार बसतो तोही ह्याच भागांवर. सगळी उमर उघड्या कॅबिनेटांसमोर काढून मी एवढंच शिकलो: जे लिहिलेलं नाही, ते आधी विचारायचं.

१. आधी यादी, मग भाव

भाव विचारायच्या आधी प्रत्येक भागाची कंपनी आणि पूर्ण मॉडेल कागदावर लिहून माग. "५०० वॅटचा एसएमपीएस" (म्हणजे पॉवर सप्लाय), "गेमिंग मदरबोर्ड", "१६ जीबी रॅम" एवढ्यावर समाधान मानू नको. चांगल्या दुकानदाराला ह्याचा राग येत नाही. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नको.

यादी हातात आली की तीच घेऊन नांदेड, छत्रपती संभाजीनगरचे भाव काढ. आपली देवगिरी एक्सप्रेस एका दिशेला मुंबईला जाते, तिथं लॅमिंग्टन रोड आहे. दुसऱ्या दिशेला सिकंदराबादला जाते, तिथं चिनॉय ट्रेड सेंटर आहे. दोन्ही मोठे बाजार आहेत आणि भाव कळायला उपयोगी आहेत. पण फरक दोन-तीन हजारांचाच असेल तर परभणीतलंच दुकान धर. दोन वर्षांनी मशीन बंद पडलं तर ते रेल्वेत घालून न्यावं लागणार नाही, हीच त्या पैशांची किंमत.

२. पॉवर सप्लायचं लेबल स्वतः वाच

स्वस्त कॅबिनेटमध्ये आयता बसवून आलेला एसएमपीएस घेऊ नको. त्यावर मोठ्या आकड्यात ५०० वॅट छापलेलं असतं, पण खरी गोष्ट बाजूच्या तक्त्यात असते. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ नं गुण. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट झाले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज ह्या १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणजे कामाची ताकद २१६ वॅटच, ५०० हा आकडा नुसता छापण्यापुरता.

"८० प्लस" चा शिक्का असलाच पाहिजे. पण हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो आणि त्याची चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. मे महिन्यात २३ अंशांची खोली परभणीत कुठून आणायची? म्हणून शिक्क्यासोबत वॉरंटीही बघ. कंपनी पाच वर्षं लिहून देत असेल तर तिला स्वतःच्या मालाचा भरवसा आहे. आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड ११५ वॅट घेतं, आय-५ १२४०० एफ सारखा प्रोसेसर पूर्ण जोरावर ११७ पर्यंत जातो. अशा मशीनला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा "८० प्लस ब्रॉन्झ" पॉवर सप्लाय पुरून उरतो. निम्म्या भारावर चालणारा पॉवर सप्लाय कमी तापतो आणि जास्त वर्षं टिकतो.

३. कॅबिनेटचं तोंड उघडं पाहिजे

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण अभिमानानं म्हणतो. पण कॉम्प्युटरच्या भागांच्या चाचण्या जर्मनी-अमेरिकेतल्या वीस-बावीस अंशांच्या खोल्यांत होतात आणि आपल्याकडं पत्र्याच्या घरात दुपारी चाळीसच्या वर असतं. हिशेब सरळ आहे: खोली वीस अंशांनी जास्त तापली की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. तिथं ६५ अंशांवर शांत चालणारं कार्ड इथं ८५ कडं जातं. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करू लागतात. मग गेम अडखळतो आणि दोष कार्डाला दिला जातो.

म्हणून समोर बंद काच असलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नको. समोर जाळी, जाळीमागं धुता येणारा फिल्टर, आत हवा ओढणारे दोन पंखे आणि मागं बाहेर फेकणारा एक, असं घे. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न घुसता फिल्टरवर अडते. मानवत, सेलूकडं जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची लव असते. ती फिल्टरवर पांघरुणासारखी बसते. त्या दिवसांत दर आठवड्याला फिल्टर धू आणि पूर्ण वाळवूनच बसव. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर तो उलटासुलटा भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. मागच्या मोकळ्या खाचांच्या पट्ट्या लावलेल्या आहेत ना, तेही बघ. पाली आणि उंदरांची पिल्लं तिथूनच शिरतात.

घरातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कॉम्प्युटरच्या तोंडासमोर लावू नको. ती हवा गार असते, पण ओली असते, आणि ओलावा धुळीला चिकटून बोर्डावर बसला की गंज सुरू होतो. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव आणि समोरची खिडकी उघडी ठेव. भर उन्हाळ्यात गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांध. कार्डाचं काम कमी होतं, उष्णता लगेच उतरते आणि पैसा लागत नाही.

४. मशीनआधी घरातलं अर्थिंग तपास

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, हे तू मित्रांकडं अनुभवलं असशील. लोक कॉम्प्युटरला दोष देतात. खरं कारण म्हणजे घराला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जायला वाट शोधतो. वाट मिळाली नाही की तो पत्र्यावर राहतो. मशीन आणायच्या आधी वायरमनला बोलव आणि मीटर लावून बघायला सांग. फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला पाहिजेत. नसतील तर अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा नीट करून घे, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होतं.

गावाकडं रब्बीत शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. म्हणून यूपीएस लागतो. तो घेताना व्हीए आणि वॅट ह्यांतला फरक समजून घे: ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच भार पेलतो. गेमिंग मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या टोकाला जातात, म्हणून १००० व्हीएच्या आसपासचा बघ. जमलं तर शुद्ध साइनवेव्हचा. काही चांगले पॉवर सप्लाय चौकोनी लहरीच्या यूपीएसवर लाईट जाताच बंद पडतात. दुकानातच प्लग काढून दाखवायला सांग. यूपीएस आहे तो गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला. त्यावर खेळत बसू नको. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण "यूपीएस" मोडवर ठेव.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढ, आणि इंटरनेटची तांब्याची तारही काढ. कितीतरी बोर्ड त्या तारेतून जळून येतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. तुझे वडील शेतात जातात, त्यांच्याही मोबाईलवर ते घालून दे.

५. मोठ्या नावामागचं साल बघ

"आय-७, १६ जीबी, गेमिंग पीसी" असं स्वस्तात दिसलं तर पहिला प्रश्न हा: आय-७ कितवी पिढी? आय-७ २६०० हा प्रोसेसर २०११ सालचा. आजचा साधा आय-३ सुद्धा त्याच्या पुढं पळतो. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या सोयी मागतो. जुन्या बोर्डावर त्या सहसा नसतात.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर-५ मेमरीचं आणि डीडीआर-४ मेमरीचं, असं दोन प्रकारचं येतं. एकाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वाहते, दुसऱ्याची सतराही नाही. आरटीएक्स ३०५० चंही तसंच. ८ जीबीच्या कार्डाची मेमरीची वाट १२८ बिटची, तर २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डाची ९६ बिटची, आणि त्यात कोअरही कमी. ६ जीबीचं कार्ड वाईट नाही, ७० वॅटमध्ये चालतं, उन्हाळ्यात ते बरंच. पण त्याला ८ जीबीचा भाव देऊ नको. प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं की मशीन बंद. पैसे थोडेच जास्त लागत असतील तर "एफ" नसलेला घे.

६. रॅम दोन खाचांत, जागा एक टीबी

१६ जीबी रॅम घ्यायची तर ८-८ च्या दोन पट्ट्या घे. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडं दोन वाटा मिळतात. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळं रॅमचे भाव भडकले. त्यामुळं सध्या एकच घेणं परवडत असेल तर ८ ची एक पट्टी घे आणि दुसरी खाच मोकळी ठेवायला सांग. ४-४ च्या दोन पट्ट्यांनी दोन्ही खाचा भरल्या तर पुढं वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील.

एसएसडी "एनव्हीएमई" आहे का ते विचार. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट जाते. आजचे मोठे गेम एकेकटे शंभर जीबीच्या वर जागा खातात, म्हणून एक टीबी. मदरबोर्ड मोठा नको, पण प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर धातूचा हीटसिंक हवा. आपल्या उन्हात त्याचा उपयोग दिसतो.

७. पैसे देण्याआधी अर्धा तास बस

मशीन दुपारी बघायला जा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि किती खाचा भरल्या ते दिसतं. ३२०० च्या रॅमसमोर २४०० किंवा २६६६ दिसलं तर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) चालू करून घे. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर कार्डाची मेमरी आणि बिट दाखवतं, बनावट कार्डही बऱ्याचदा पकडतं. क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडी किती तास चालली ते सांगतं. नव्या एसएसडीवर शेकडो तास असतील तर ती नवी नाही. मग अर्धा तास गेम चालव आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहा. विंडोजचं ॲक्टिव्हेशन खरं आहे का तेही पाहून घे.

घरी आणल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लाव, मदरबोर्डाला नको. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सेटिंगमध्ये १४४ निवड. पुष्कळ मुलं वर्षानुवर्षं ६० वरच खेळतात. बाहेरगावाहून एसटीनं आणणार असशील तर जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात आण. रस्त्याच्या दणक्यांनी त्याची खाच तुटते.

८. बिलावर सिरियल नंबर

बियाण्याची पिशवी घेताना तुझे वडील लॉट नंबर बघतात आणि पीक हाती येईपर्यंत पिशवी-पावती जपून ठेवतात. तसंच इथं. जीएसटीचं पक्कं बिल घे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घे. "बिल नको असेल तर कमी करतो" ह्याला हो म्हणू नको. त्या सवलतीत वॉरंटी जाते. वॉरंटी दुकानाची की कंपनीची, आणि माल दुरुस्तीला कुठं जातो, हेही विचार. ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डचे खोके माळ्यावर ठेव.

९. पैसे कमी पडले तर

पडतीलच, सगळ्यांना पडतात. तेव्हा आधी रंगीत दिवे सोड, मग काच, मग प्रोसेसरचा पाण्याचा कूलर. तरीही जमत नसेल तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घे. पॉवर सप्लाय, हवेशीर कॅबिनेट आणि अर्थिंग ह्यांना हात लावू नको. कार्ड दोन-तीन वर्षांनी बदलता येतं आणि चांगल्या पायावर त्यानंतरचंही कार्ड सुखानं बसतं. कच्च्या पॉवर सप्लायनं जीव सोडला तर तो महागडं कार्ड आणि बोर्ड सोबत घेऊन जातो. तुझ्या आई-वडिलांनी कापसाच्या पैशातून हे मशीन घ्यायचं ठरवलंय. ते तुझं कॉलेज संपेपर्यंत चाललं पाहिजे, आणि नीट विचारून घेतलंस तर चालेल. यादी आणलीस की माझ्याकडं ये, आपण दोघं मिळून एकेक ओळ वाचू.